मदत हवी आहे: आई-बाबांच्या विमानप्रवासाचे माईल्स कसे जमा करायचे?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागला असतो. विमानातलं मला काय कळत नाही, स्वतः दोनदाच बसलोय. ताई फ्रँकफर्टला असते, आई-बाबा दोनदा जाऊन आले, एकदा लुफ्तान्सानं डायरेक्ट आणि एकदा एमिरेट्सनं दुबईवरनं. तिकिटं मीच इथल्या एका एजंटकडून काढली, तेव्हा माईल्सचं (विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट, साठवून पुढं तिकिटाला वापरता येतात ते) विचारलं तर म्हणाला ते आपोआप जमा होतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आता तिसऱ्यांदा निघालेत (परवाच तिकीट काढलं, लुफ्तान्साच) म्हणून बघायला गेलो तर आपोआप काहीच झालेलं नाही, कारण विमान कंपनीच्या माईल्स क्लबची मेंबरशिपच घेतलेली नव्हती! आणि ती फुकट असते!!

जुने बोर्डिंग पास शोधले. आईनं एक ज्ञानेश्वरीत खूण म्हणून घातलेला, शाई पार उडालीय, उन्हात धरला की सीट नंबर तेवढा दिसतो. बाबांच्या पासवर मागं दूधवाल्याचा हिशोब.

पैसे मी भरलेत तर माईल्स माझ्या नावावर घेता येतात का? दोन्ही कंपन्यांचे एकत्र होतात का? आणि आईच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढं बाबांचं नाव पण आहे, तिकिटावर ते स्पेस न सोडता एकत्रच छापून येतं, मग खातं काढताना काय लिहायचं? क्रेडिट कार्ड घ्या असं प्लीज सांगू नका, तो विषय घरात बंद आहे.

प्रतिसाद:
पैसे कुणीपण भरू दे, माईल्स बसणाऱ्याला. दोघांची दोन खाती काढा, नाव पासपोर्टवर आहे तसंच, आईंच्यात बाबांचं नाव गाळू नका. एअर इंडियाचं महाराजा क्लब काढा, पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्सा पण त्यातच, म्हणून लुफ्तान्साच्या प्रवासाचे माईल्स इकडं घेता येतात. एका प्रवासाचे एकाच क्लबात बरं का, दोन्हीकडं नाही. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, त्यांचा स्कायवर्ड्स क्लब वेगळा, तिथले माईल्स यात मिसळत नाहीत. तिकिटावर बुकिंग क्लासचं (तिकीट कुठल्या दरातलं आहे त्याचं) एक अक्षर असतं ते बघून घ्या, अगदी स्वस्तातल्या क्लासला दुसऱ्या कंपनीच्या क्लबात कमी मिळतात, कधी शून्य. जुन्या फेऱ्यांचा नाद सोडा, मागनं क्लेम करायला काही महिन्यांचीच मुदत असते. यावेळी मात्र पास आणि ई-तिकीट माईल्स जमा होईपर्यंत टाकू नका, पासचा लगेच फोटो काढायला सांगा. १३ आकडी तिकीट नंबर लागतो, लुफ्तान्साचा २२० नं सुरू होतो.

धागाकर्ता:
लई उपकार! दोन्ही खाती काढली, २२० वाला नंबर व्हॉट्सॅपवरच्या पीडीएफमध्ये सापडला, क्लासचं अक्षर के आहे. एजंटला मेंबर नंबर घालायला सांगितलं तर म्हणतो काउंटरलाच द्या, पण तिथं दोघंच असणार, रात्रभर ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठून दमलेले. म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या पासपोर्टच्या कव्हरात घालतोय. के ला किती मिळतात कुणाला माहितीय का?