देव्हाऱ्यात जुनी ओलिओग्राफ ठेवावी की तिची नवी प्रत?

प्रश्न: दांडियाबाजारकर, बडोदे

आमच्या देव्हाऱ्यावर चित्रकार राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मीची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची रंगीत छापील प्रत, आहे. आजेसासूबाईंनी तिच्या साडीच्या काठाला जर आणि टिकल्या लावलेल्या आहेत. निरांजनाच्या काजळीने वरची कड काळवंडली असून एका कोपऱ्याला कसर लागली आहे. मुलाने तसबीर उघडून स्कॅन काढला, एआयच्या अॅपकडून तो स्वच्छ करून घेतला आणि कॅनव्हासवर छापून आणला. प्रत देखणी आहे, परंतु अॅपने टिकल्या डाग समजून पुसल्या आणि चेहरा इतका तुकतुकीत केला की देवी नव्याने ओळख करून घ्यायला आल्यासारखी वाटते. मुलगा म्हणतो, जुनीही छापीलच होती, मग प्रतीची प्रत काढल्याने काय बिघडले? मला उत्तर देता आले नाही.

उत्तर: शिळाप्रेस

चिरंजीवांचे निम्मे बरोबर आहे. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्याला चित्रांच्या छापील प्रती काढण्याचे सुचवले होते. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि ज्यांना राजवाड्यातली चित्रे कधी दिसली नसती त्यांच्या भिंतीवर ती पोहोचली.

मात्र दोन्ही छपायांत फरक आहे. तुमची जुनी लक्ष्मी शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. त्यात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे. कारागीर त्यावर तेलकट शाईने ठिपके देत असे, ओला दगड कोऱ्या जागी शाई धरत नसे, आणि एकच कागद एकेका दगडावरून नेमका जुळवून काढावा लागे. गालाजवळ भिंग धरून पाहा, लहानमोठे ठिपके दिसतील. हे काम रविवर्म्याचे नव्हे, त्या अनामिक कारागिराचे. तुमच्या अॅपने तेच खरखरीत म्हणून घोटून काढले.

उत्तर: मांडवीची सून

ठिपक्यांचे कौतुक मला थोडे अतीच वाटते. बडोद्याच्या फतेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे पाहिल्यावर घरची ओलिओग्राफ फिकी वाटते, हे मान्य करावे. तुमच्या घरचे चित्र वेगळे झाले ते टिकल्यांमुळे. तशी लक्ष्मी दुसऱ्या कोणाकडे नाही. स्कॅन ठेवा, पण न सुधारलेला. जुनी तसबीर काचेआड, दमट भिंतीपासून दूर लावा आणि निरांजनाचा धूर खुशाल नव्या प्रतीला खाऊ द्या.

दांडियाबाजारकर

दोघांचेही आभार. भिंग लावल्यावर गालावरचे ठिपके खरोखरच दिसले. टिकल्या डिंकाने चिकटवल्या असतील असे मी धरून चालले होते, पण त्या सुईने टाचलेल्या आहेत. चित्र उलटून पाहिले तेव्हा मागे लाल दोऱ्याची साडीच्या काठासारखीच वळणे घेणारी ओळ दिसली, आणि एका जागी दोरा संपल्यामुळे पुढची ओळ हिरव्या दोऱ्याने पुरी केलेली. मुलाने स्कॅन पुढच्या बाजूचाच काढला होता. आता तो मागच्या बाजूचाही काढायला बसला आहे.