घोघा ते दहेज, समुद्रावरून मॉडेल विमान : न्यावं की नाही?

माळावरचा वारा
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण दर रविवारी भल्या सकाळी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतो. ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, नोटप्रेस, एवढं सगळं भोवती असल्यामुळे नाशकात मोकळं आकाश शोधत फिरावं लागतं. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनसाठीचा नकाशा बघून शहराबाहेरचा एक माळ धरलाय, तिथे बरं चाललंय.

पण गेले काही महिने डोक्यात एकच विषय आहे. गुजरातेत खंबायतच्या आखातावरून, घोघ्याहून दहेजला मॉडेल न्यायचं. साधारण 31 किलोमीटर, सगळं पाण्यावरून.

हे वेड मेनार्ड हिल यांच्यामुळे लागलं. 2003 च्या ऑगस्टमध्ये या अमेरिकन माणसाच्या टॅम-5 या मॉडेल विमानानं अटलांटिक ओलांडला. न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून हातानं सोडलेलं विमान जवळजवळ 39 तासांनी आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरलं. 3,000 किलोमीटरहून जास्त अंतर. बाल्सा लाकडाचा सांगाडा, सहा फुटांचे पंख, इंधन भरून वजन पाच किलोच्या आत, आणि त्यातलं जवळपास निम्मं वजन इंधनाचंच. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते, दृष्टी जवळपास गेलेली, ऐकूही कमी यायचं. सांधे बोटांनी चाचपून विमानं जोडायचे. आधीची विमानं समुद्रात गेली, तरी पुढचं बांधायला घेतलं.

माळावर चुकलं तर विमान उचलतो, गोंद लावतो, पुढच्या रविवारी परत हजर. पाण्यावर ती सोय नाही. घरी बांधलेल्या विमानाची खरी परीक्षा तिथेच होते असं माझं ठाम मत आहे. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये वाढलेली पोरं आहोत आपण, एवढं जमायला हवं.

हिशेब मांडतो. दोन मीटर पंखांचं मोटर ग्लायडर, वजन सव्वादोन किलो. सरळ उडायला बॅटरीतून साधारण 40 वॉट. 11.1 व्होल्टच्या 5000 एमएएचच्या दोन लिपो बॅटऱ्या घेतल्या तर दीड-पावणेदोन तास आरामात निघतात. आम्ही मागून बोटीत. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी.

बाल्सा आणि फेविकॉल
माझं मत विरोधात आहे, कारणासकट सांगतो. टॅम-5 उडवलं कोणी? सुटताना आणि उतरताना माणसाचा हात होता. मधला सगळा प्रवास ऑटोपायलट आणि जीपीएसनं केला. काही तास तर विमानाकडून संदेशच येत नव्हते, किनाऱ्यावरच्यांना ते आहे की बुडालं हेही कळत नव्हतं. हिल यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, त्यांच्या हातासारखा हात मला सात जन्मांत मिळायचा नाही. पण त्या मधल्या तासांना मी उडवणं म्हणणार नाही. ते पाठवणं झालं. मॉडेल उडवायचं म्हणजे रिमोटच्या काडीवर अंगठा आणि विमानावर डोळा. दोन्हींपैकी एक सुटलं की तो छंद वेगळा, चांगला असेल, पण वेगळा.

माळावरचा वारा
दादा, म्हणूनच तर बोट म्हटलंय! पूर्ण वेळ नजरेत, पूर्ण वेळ हातात. ऑटोपायलट फक्त सिग्नल तुटला तर.

सिडको सर्व्हो
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. बोट ताशी 20 किलोमीटरनं जाते आणि ग्लायडरचा वेग 35 च्या खाली आणता येत नाही, म्हणून कोणी हसायच्या आत सांगतो : समोरून 15 चा वारा घ्यायचा. हवेत वेग 35, पाण्यावरून बघाल तर 20. बोट आणि विमान बरोबर चालतात. मूर्खपणा वाटतो, पण पाठीमागचा वारा घेतलात तर विमान पाच मिनिटांत नजरेआड. फक्त वेळ दीड तासावर जातो, तो त्या दोन लिपोंत बसतोय.

एक मात्र ऐक. मागच्या वर्षी कोकणात माझं फोमचं विमान लाटेत पडलं. दहा मिनिटांत काढलं, गोड्या पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, सर्व्हो (शेपटी-पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) फिरत होते म्हणून खूश होतो. तिसऱ्या दिवशी रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर उघडला तर पिनांवर हिरवा थर, नखानं खरवडला तर पिनच तुटून हातात आली. तेव्हा सगळे जोड आधी लॅकरनं बंद कर. नाहीतर नुसत्या तुषारांनीच घात होईल.

निवृत्त ओझरकर
पोरा, उत्साह बघून बरं वाटलं. विमानांच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, कायदा. 2018 च्या ड्रोन नियमांत किनाऱ्यापासून 500 मीटरच्या पुढे समुद्रात जायला आणि चालत्या बोटीवरून उडवायला सरळ मनाई होती. 2021 चे ड्रोन नियम आल्यावर पद्धत बदलली, नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग आले. पण त्याच नियमांत मॉडेलची व्याख्या आहे : 25 किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा विरंगुळ्यासाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. तुझं विमान नजरेआड गेलं की ते मॉडेल राहत नाही. बाल्सावाले जे मनानं सांगतायत तेच कायदा कागदावर सांगतो.

दुसरी, दहेज. तिथे एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल आहे, रसायनांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी आकाशातून काही उडत आलं तर तिथल्या पहारेकऱ्यानं काय समजायचं? तो तुझ्या बाल्साचं कौतुक करेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. नाशकात जागा धरताना नकाशा बघितलास, मग तिथला का नाही बघितलास?

माळावरचा वारा
काका, दहेजचं मान्य. पूर्वी चालायच्या त्या फेरीबोटीचा मार्ग डोळ्यांसमोर होता म्हणून तो पट्टा धरला, एवढा विचार केला नव्हता. दुसरा किनारा शोधतो, आणि आधी लेखी परवानगी. पण बेत सोडत नाही.

माहेर डहाणू
मी इंदिरानगरला राहते, माहेर मच्छीमारांचं. इथे सगळे विमानाचंच बोलतायत. पाण्यावर माणसं असतात हो. वरून निळं, मोकळं दिसतं, पण खाली जाळी लागलेली असतात, होड्या असतात. सव्वादोन किलोचं विमान आणि पुढे फिरणारा पंखा एखाद्याच्या डोक्यात आला तर? आणि ती बॅटरी बुडाली की तुमच्या दृष्टीनं प्रयोग संपला. ती मग जाळ्यात येते आणि माझा भाऊ हातानं ती सोडवतो. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या पुढे जातो. पडलेली वस्तू तुम्ही पोचेपर्यंत जागेवर थांबत नाही, ओढ तिला कुठल्या कुठे नेते. समुद्र म्हणजे मोकळं मैदान नव्हे, एवढंच सांगायचंय.

सिडको सर्व्हो
ताई, मुद्दा खरा आहे. पण मग गावातल्या लग्नात डोक्यावर फिरणाऱ्या ड्रोनचं काय? त्यापेक्षा ही पोरं परवानगी काढून, बोट घेऊन निघालीत.

माहेर डहाणू
लग्नातलं चुकीचं आहे म्हणून हे बरोबर होत नाही, दादा.

बाल्सा आणि फेविकॉल
नजरेत ठेवू म्हणणं सोपं असतं. गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याजवळचा माझा अनुभव ऐका. संध्याकाळची वेळ, पाण्यावर ऊन चमकतंय, विमान पांढरं. दोनशे मीटरवर गेलं आणि नुसती काळी रेघ उरली. येतंय की जातंय कळेना. मला वाटलं समोर येतंय, म्हणून उजवं दिलं. ते पलीकडे निघालं होतं, आणखी लांब वळलं. माळावर झाड असतं, विजेचा खांब असतो, त्यावरून डोळ्याला अंदाज येतो. पाण्यावर आधाराला काहीच नाही. पाण्याला टेकलं तेव्हा आवाजही आला नाही. तेव्हा मी भक्कम जमिनीवर उभा होतो. तुम्ही हलत्या बोटीत उभे असाल, तेही दीड तास.

माळावरचा वारा
एक पंख खालून काळा, दुसरा भडक केशरी करणार आहोत. दोन जण फक्त विमान बघायला, एक जण होड्या बघायला. दर वीस मिनिटांनी काडी दुसऱ्याच्या हातात. आणि सिग्नल तुटलाच तर ऑटोपायलट विमान परत आणेल.

निवृत्त ओझरकर
परत कुठे?

माळावरचा वारा
म्हणजे काका?

निवृत्त ओझरकर
जिथून सुटलं ती जागा ते घर म्हणून लक्षात ठेवतं ना? तू निघालास घोघ्याहून. सिग्नल तुटला मधोमध, 15 किलोमीटरवर. तू बोटीत, आणि विमान तोंड फिरवून किनाऱ्याकडे. आता वारा पाठीमागून, म्हणजे वेग 50. तुझी बोट 20 ची. शेवटी किनाऱ्यावर घिरट्या घालत बसेल, आणि खाली तुमच्यापैकी एकही माणूस नाही.

माळावरचा वारा
हे खरंच सुटलं होतं. माळावर आम्ही कधी जागेवरून हललोच नाही, म्हणून प्रश्नच आला नाही. मग परतीचं काढून टाकतो. सिग्नल गेला की मोटर बंद आणि हलकं वळण, म्हणजे गोल फिरत बोटीच्या आसपासच पाण्यावर बसेल.

माहेर डहाणू
आसपास म्हणजे किती? शंभर मीटर की पाचशे? त्या गोलात कोणाची होडी आहे हे आधी बघणार की नंतर?

निवृत्त ओझरकर
शंभर मीटर उंचीवरून मोटर बंद झाली तर वळणात सुद्धा दीड-दोन मिनिटं हवेत राहील, आणि 15 च्या वाऱ्यात तेवढ्यात चार-पाचशे मीटर मागे सरकेल. बाईंचा प्रश्न बरोबर आहे. आधी जमिनीवर करून बघ. माळावर ट्रान्समीटर मुद्दाम बंद कर आणि ते कुठे बसतं ते पावलांनी मोज. दहा वेळा. आकडे इथे टाक.

बाल्सा आणि फेविकॉल
माझा विरोध कायम आहे. पण मोजायला रविवारी येतो. टेप माझ्याकडे पन्नास मीटरची आहे, खुंट्या तुम्ही आणा.