स्वीटवॉटरच्या वैमानिक बायका: गरज सरो, वैद्य मरो?

फिरस्ता
पश्चिम टेक्सासमधलं स्वीटवॉटर. गावच्या नगरपालिकेचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लष्करी प्रशिक्षणासाठी गेला, नाव पडलं ॲव्हेंजर फील्ड. आधी तिथे पुरुष छात्र शिकले. फेब्रुवारी १९४३ पासून बायका यायला लागल्या, त्या 'वास्प' म्हणजे महिला हवाई सेवा वैमानिक. अर्ज २५ हजारांवर, उत्तीर्ण १,०७४. कवायत, बराकी, शिस्त, विमानं सगळं लष्करी. हुद्दा मात्र मुलकी. ३८ जणी गेल्या. लष्करी इतमाम नाही, शवपेटीवर झेंडा नाही. कित्येकदा मैत्रिणींनी वर्गणी काढून पार्थिव घरी पाठवलं. म्हणून तो विमानतळ 'स्त्रीमुक्तीचं तीर्थ' म्हणून मिरवणं मला पटत नाही. राबवून घेतलं आणि वाटेला लावलं, एवढीच ती गोष्ट.

अण्णा_डोंबिवली
भावनेचा भर ओसरला की तारखा बघा. १९४४ च्या अखेरीस वैमानिकांचा तुटवडा उरला नव्हता. तात्पुरती गरज होती, ती संपली, २० डिसेंबरला दल बंद. युद्धात असंच चालतं. पुरुषांच्याही शाळा बंद झाल्याच की.

मीठभाकर
अहो अण्णा, शाळा बंद झालेल्या पुरुषांनी काय केलं तेही सांगा ना! मुलकी उड्डाण-प्रशिक्षकांचं काम त्याच वर्षी संपलं. आता पायदळात जावं लागणार म्हटल्यावर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये रान उठवलं. जूनमध्ये बायकांना लष्करी दर्जा देणारं विधेयक प्रतिनिधिगृहात पडलं. आणि पुरुष छात्र कोरा आला तरी चालायचा, बाईने मात्र वैमानिकाचा परवाना घेऊन, पदरच्या पैशाने स्वीटवॉटर गाठायचं. अंगावर पुरुषी मापाचे ढगळ डगले, बाह्या आणि पाय दुमडून घातलेले. धुवायचे कसे? डगल्यासकट शॉवरखाली उभं राहायचं आणि अंगावरच साबण घासायचा. पुढे यातल्याच काही जणी विमानामागे कापडी लक्ष्य ओढत उडायच्या आणि खालून शिकाऊ तोफची खऱ्या गोळ्या झाडायचे. हे 'तात्पुरतं' काम!

चावडीवरचा
फिरस्ता, तुमचा राग रास्त, निष्कर्ष नाही. धोका पत्करून त्या आपणहून आल्या होत्या, 'राबवून घेतलं' म्हणणं हा त्यांचाच अपमान. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर मैत्रिणी उचलून तळावरच्या 'विशिंग वेल' नावाच्या हौदात टाकायच्या. हे काय वेठबिगारांचं वागणं वाटतं? आणि स्वीटवॉटरला मिळालेलं शिक्षण लष्करी होतं म्हणूनच पुढे भांडता आलं. १९७० च्या दशकात हवाई दलाने 'लष्करी विमानं उडवणाऱ्या पहिल्या महिला' अशी जाहिरात केली, तेव्हा या म्हाताऱ्या चवताळून उठल्या. १९७७ मध्ये कायदा करून घेतला, माजी सैनिकांचा दर्जा मिळवला.

फिरस्ता
तेहेतीस वर्षांनी! त्यात कितीतरी जणी वारल्या असतील. ते श्रेय त्या बायकांचं, धावपट्टीचं कसं?

अण्णा_डोंबिवली
तीर्थ-बिर्थ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: 'वास्प'च्या प्रमुख जॅकलिन कॉक्रननी कृष्णवर्णीय अर्जदारांना परत पाठवलं.

मीठभाकर
पाठवलं, आणि ते लाजिरवाणंच. पण तो हिशोब कॉक्रनबाईंच्या नावावर मांडा. हेझेल यिंग ली चिनी वंशाची, १९४४ मध्ये कामावरच्या अपघातात गेली. तिच्या घरच्यांना पोर्टलंडच्या दफनभूमीत जागा मिळवायला भांडावं लागलं, कारण ती जागा 'गोऱ्यांच्या भागात' होती. तिला तुम्ही कुठल्या बाजूला धरणार, अण्णा?