बी.कॉम.नंतर एल.एल.बी.: जळगाव-धुळ्यात करावं का?

प्रश्न (रावेर): बी.कॉम. शेवटचं वर्ष, ओबीसी. तीन वर्षांच्या लॉ साठी काय लागतं? खर्च आणि पुढे काय?

उत्तर १: राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी (प्रवेश परीक्षा), मग कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी). पदवीला किमान ओपनला ४५, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४० टक्के. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल तर बार कौन्सिलच्या नियमाने अडतं. खरी गडबड कागदांत होते: नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं जोडलं की सीट ओपनमध्ये जाते. तहसीलला आजच अर्ज टाका भाऊ.

उत्तर २: फी विचारताना अनुदानित की विनाअनुदानित हे आधी विचारा, सगळा फरक तिथेच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर महाडीबीटीची (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टल) फी-सवलत विसरा. वकिलीच्या सनदेसाठी बार कौन्सिलची नोंदणी फी ७५० रुपयेच (एससी-एसटीला १२५), सुप्रीम कोर्टाचा २०२४ चा निकाल आहे. त्यानंतर एआयबीई (बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा) पास व्हावी लागते.

उत्तर ३: न्यायाधीश व्हायचंय? सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षं वकिली सक्तीची. ती बार कौन्सिलच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. म्हणून लॉच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागताच नोंदणी करा. सुरुवातीला ज्युनिअरला कमाई नावालाच. आपल्याकडे जमीन-वाटणी, भूसंपादन, चेक बाऊन्सची कामं भरपूर; सातबारा, फेरफार वाचता आले पाहिजेत. हायकोर्टातली अपिलं औरंगाबाद खंडपीठात जातात.