२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने हाताने कसं काढलं?

बिटबहाद्दर:
हा आकडा कोडिंगवाल्यांना पाठच असतो, ३२ बिटच्या साइन्ड इंटमध्ये (कॉम्प्युटरमध्ये धन-ऋण पूर्णांक साठवायची ३२ बिटची जागा) मावणारी सगळ्यात मोठी संख्या, २ चा ३१वा घात वजा १, २०३८ चा घोळही (३२ बिटमध्ये सेकंद मोजणारी कॉम्प्युटरची घड्याळं त्या वर्षी ह्या आकड्यापुढे जाऊ शकत नाहीत, तो) ह्याच्यामुळेच. पण ही मूळ संख्याय आणि ऑयलरने १७७२ मध्ये ते सिद्ध केलं हे आत्ता कळलं. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं तर चार हजारावर भागाकार झाले की! तेव्हा त्याला जवळपास दिसतही नव्हतं म्हणे. काही शॉर्टकट आहे का?

शेषराव:
आहे, आणि भारी आहे. समजा भ हा हिचा मूळ भाजक. म्हणजे २ चा ३१वा घात भ ने भागला की बाकी १. फर्माच्या नियमाने २ चा (भ−१)वा घात भागला तरी बाकी १. आता बाकी १ देणारा सगळ्यात लहान घात अशा प्रत्येक घाताला भागतो, आणि ३१ स्वतः मूळ, म्हणजे तो लहान घात ३१च, त्यामुळे भ−१ ला ३१ ने भाग जायलाच पाहिजे, सुटकाच नाही. दुसरं म्हणजे २ चा ३२वा घात भागला की बाकी २ उरते, आणि तो तर २ च्या १६व्या घाताचा वर्ग आहे, आणि ज्या भ ने एखादा वर्ग भागून २ बाकी मिळते त्या भ ला ८ ने भागलं की १ किंवा ७ च उरतात. दोन्ही एकत्र केलं की भ ला २४८ ने भागून बाकी १ नाहीतर ६३. असे आकडे ४६३४० पर्यंत (६३ सोडून) फक्त ३७२, त्यातही २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ते बाद. पहिला खरा उमेदवार ३११, मग थेट १३०३.

बिटबहाद्दर:
आयला, मस्तच. म्हणजे घात मूळ असला की उत्तर मूळ, असं नाही ना?

शेषराव:
छे. ११ घे, २ चा ११वा घात वजा १ = २०४७ = २३ × ८९. पण बघ, २२ आणि ८८ दोन्हींना ११ ने भाग जातो, वरचा नियम तिथेही लागू.

रँडमराव:
ह्याचा कामाचा उपयोग पण आहे, रँडम वाटणारे आकडे काढायला. १६८०७ ने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची, परत तेच. ० सोडून कुठूनही सुरू करा, २१४७४८३६४६ आकडे होईपर्यंत एकही रिपीट होत नाही. सी प्लस प्लसच्या लायब्ररीत हा जनरेटर अजून आहे. सिक्युरिटीला वापरू नका मात्र, पुढचा आकडा कोणीही काढेल.

बिटबहाद्दर:
आणि २ चा २१४७४८३६४७वा घात वजा १?? तो मूळ?

शेषराव:
नाही. त्याला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ह्यातून १ वजा करून तुझ्या आकड्याने भागून बघ, बरोब्बर १३७४९० येतं.