बावन्नाव्या वर्षी गाण्यासाठी नोकरी सोडावी का?

पेटीवाली: मंडळी, स्पष्ट सांगा, राग येणार नाही. बँकेत २८ वर्षं झाली, रिटायरमेंटला अजून ८ आहेत. दोन वर्षांपूर्वी गाणं शिकायला लागले, गांधर्व मंडळाची प्रारंभिक ही पहिली परीक्षा दिली, आता पुढच्या प्रवेशिका प्रथमची तयारी चालूये. वर्षाला एक परीक्षा धरली तरी विशारद व्हायला अजून ६ वर्षं. संध्याकाळी सातला घरी आल्यावर गळ्यातनं आवाजच निघत नाही, म्हणून वाटतं व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यावी आणि सकाळचा रियाज नीट करावा. नवरा म्हणतो घे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते आई वेडी झालीस का.

चहा_बिस्कीट: मुलगी शहाणी आहे. अजून तिच्या दोन वर्षांच्या फिया बाकी आहेत आणि तुम्ही पगार सोडताय? हौस करा की, कोण नाही म्हणतंय, पण पगाराच्या जिवावर.

सातारकर: काय राव! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ ला पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी उलटलेली. गायक वसंतराव देशपांडेंनी मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली, 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ ला आलं तेव्हा वय ४७. ते फायलीतच अडकून पडले असते तर त्या नाटकातले त्यांचे खाँसाहेब ऐकायला मिळाले असते का आपल्याला?

चहा_बिस्कीट: हीच दोन नावं येणार हे माहीत होतं. अहो, वसंतराव लहानपणापासून नागपूरला सप्रे गुरुजींकडे शिकलेले, लागू डॉक्टरी करता करता पुण्यात नाटकं करत होतेच. त्यांनी नोकरी उशिरा सोडली, सुरुवात उशिरा नाही केली. ताईंना भूप राग म्हणायला लागून दोन वर्षं झालीत. फरक आहे ना?

पळणारे_आजोबा: फौजा सिंग ८९व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळाले, लंडनला, २००० साली! वयाचं काय घेऊन बसलात.

चहा_बिस्कीट: आजोबा, ते नोकरी सोडून पळत नव्हते 😄

तबलजी_नाशिक: मी क्लास घेतो म्हणून बोलतो. मोठ्या माणसांना लय समजते पण हात ऐकत नाही, आणि मग घाई होते, माझ्याकडे एक गृहस्थ रिटायर झाल्या झाल्या आले, दिवसाला चार तास तबल्यावर तिरकिटचे बोल घासायला लागले, मी हळू घ्या म्हणत होतो, महिन्यात मनगट धरलं आणि डॉक्टरांनी तीन महिने तबला बंद केला. गळ्याचंही तेच. रोज ४० मिनिटं पण चुकवायची नाहीत, ह्याला राजीनामा लागत नाही.

कोल्हापुरी_मिरची: एक सांगू का. नवरा ५२व्या वर्षी बुलेट घेऊन लडाखला गेला की 'हौशी', बाईने तानपुऱ्याचं ॲप लावलं की 'वेडी'. ह्यावर कोणी बोलणार नाही. पण ताई, तरीही सोडू नका, माझं ऐका, मी सोडलीये. मला पेंटिंग करायचं होतं. घरी बसल्याचं कळलं की सगळ्या गावाला तुम्ही मोकळ्या दिसता, गॅसवाला येणार आहे थांब, आत्याला दवाखान्यात ने, सासूबाईंची दुपारची गोळी, कुणाचं तरी केळवण. माझे रंग ट्यूबमध्येच वाळले. ऑफिसात निदान पोळ्या कोणी मागत नाही.

सातारकर: मग ह्याचा इलाज घरच्यांना सांगणं हा आहे, नोकरी करत राहणं हा नाही!

कोल्हापुरी_मिरची: सांगून बघा तुम्ही, आम्ही थांबतो.

पेटीवाली: पोळ्यांचं वाचून हसले आणि मग गप्पच झाले, कारण परवा सुट्टी काढून घरी होते तर दिवसभरात तंबोरा लावला फक्त वीस मिनिटं. चहा_बिस्कीट, तुमचा मुद्दा झोंबला पण सप्रे गुरुजींचं बरोबर आहे. व्हीआरएसचा फॉर्म आणलाय, तूर्तास कपाटात ठेवते. पहाटे साडेपाच ते सव्वासहा बघते जमतंय का, शेजारचे ओरडले तर बघू. आवाज आता काळी चारच्या पट्टीत चिरतो, बाईंनी काळी दोनवर उतरवलाय, म्हणाल्या ह्या वयात होतं असं, रडायचं काय त्यात. क्लासमध्ये माझ्या शेजारी आठ वर्षांची पोर बसते. काल मला म्हणाली, आजी, तुमचा धैवताचा सूर खाली लागतोय. लागत होता!