मदत हवी आहे: लेझर शोषण टोमोग्राफीतून वेगाचा नकाशा कसा काढावा?

लेझर शोषण टोमोग्राफी म्हणजे वायूतून अनेक दिशांनी लेझर किरण पाठवून त्यांच्या शोषणावरून आतला नकाशा काढणे. ज्वलनातून निघणाऱ्या तप्त वायूच्या अक्षीय वेगाचा नकाशा मी वातावरणीय दाबाला, पाण्याच्या वाफेच्या १३९२ नॅनोमीटरजवळील शोषणरेषेवरून (वाफ शोषून घेते त्या अरुंद तरंगलांबी-पट्ट्यावरून) काढतो आहे. किरण प्रवाहाशी ४५ अंशांत आहेत, निम्मे प्रवाहासोबत व निम्मे त्याविरुद्ध. सर्व एकाच डायोड लेझरमधून विभागलेले असल्याने लेझरच्या स्वतःच्या तरंगलांबीचे सरकणे दोन्ही दिशांच्या वजाबाकीत निघून जाते. सेकंदाला ५०० मीटर वेगालाही डॉप्लर फरक (वायूच्या वेगामुळे दोन्ही दिशांच्या किरणांत रेषेच्या जागेत पडणारा फरक) तरंगसंख्येत जेमतेम ०.०१७ प्रति सेंटिमीटर भरतो आणि रेषा त्याहून बरीच रुंद आहे, ही मूळ अडचण.

प्रत्येक किरणाला व्हॉइट वक्र (शोषणरेषेच्या आकाराचे प्रमाणित सूत्र) बसवून पाहिला. पण मिळणारा वेग जिथे शोषण जास्त तिथल्या वायूकडे झुकलेली सरासरी असते. बाहेरील हवेतील वाफ नायट्रोजनच्या झोताने घालवली आहे. प्रवाह अक्षाभोवती सममित नाही, त्यामुळे अशी सममिती गृहीत धरणारे आबेल रूपांतर चालणार नाही.

रेषेचा पहिला आघूर्ण (मध्यापासूनच्या अंतराने गुणलेल्या शोषणाची बेरीज) शोषण आणि वेग यांच्या गुणाकाराशी रेषीय असल्याने त्याची पुनर्रचना करून शोषणाच्या नकाशाने भागणे मला तत्त्वतः योग्य वाटते, मात्र रेषेच्या कडांवरील गोंगाट आघूर्णात फार वाढतो. अशा वेळी कडा छाटून नियमितीकरण (उत्तर गुळगुळीत राहावे म्हणून घातलेली जादा अट) वापरावे, की तापमान, वाफेची संहती (प्रमाण) आणि वेग एकत्रच अरेषीय पद्धतीने सोडवावेत?